‘छान आहे’ म्हणून लोक पुढे का जातात?

प्रश्न : मी नागपुरात मानेवाड्याला राहते. सुती आणि टसर रेशमाच्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांपासून पिशव्या, पाऊच, उशांचे अभ्रे आणि छोट्या गोधड्या शिवते. दिवाळीआधी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक दिवसाचं प्रदर्शन होतं. टेबलाशी पुष्कळ बाया आल्या, ‘छान आहे हो’ म्हणाल्या आणि गेल्या. विक्री झाली अकराशे रुपयांची. आता डिसेंबरच्या शेवटी मैदानावर भरणाऱ्या पाच दिवसांच्या हस्तकला मेळ्यात ३ बाय ३ मीटरचा स्टॉल मिळतोय, भाडं ८,००० रुपये. घ्यावा का? माल किती न्यावा, मांडावा कसा, आणि भाव कमी करा म्हणणाऱ्यांना काय सांगावं?

उत्तर : ताई, ‘छान आहे’ म्हणून लोक निघून गेले याचा अर्थ तुमचं काम त्यांना आवडलं नाही असा काढू नका. स्टॉलवरची विक्री चार पायऱ्यांनी होते. माणूस थांबतो, वस्तूला हात लावतो, किंमत पाहतो, मग पैसे काढतो. तुमच्याकडे पहिली पायरी झाली होती. पुढच्या तीनपैकी कुठेतरी साखळी तुटली. टेबलावर घड्या घालून गठ्ठे रचले असतील, तर ते विस्कटायला लोक संकोचतात, म्हणजे दुसऱ्या पायरीवरच अडलं. चिठ्ठी नसेल तर किंमत विचारावी लागते, आणि विचारल्यावर न घेणं अवघड वाटतं, म्हणून लोक विचारतच नाहीत. ‘छान आहे’ हा त्यातून सुटण्याचा सभ्य मार्ग असतो. खाली जे सांगतोय ते सगळं या साखळीसाठीच आहे.

आधी हिशेब, कारण स्टॉल घ्यायचा की नाही हे त्यावरच ठरेल. भाडं ८,०००. मालाची ने-आण २,०००. पाच दिवसांचं चहापाणी, जेवण १,५००. हाताखाली कुणी ठेवलं तर रोज ५०० प्रमाणे २,५००. पिशव्या, चिठ्ठ्या, हुक, दिवे यांचे १,०००. झाले १५,०००. तुमच्या वस्तूच्या किमतीत निम्मा खर्च कापडाचा आणि शिलाईचा असेल, तर हे १५,००० वसूल व्हायला ३०,००० ची विक्री लागते. सरासरी बिल ३५० रुपयांचं धरलं तर साधारण ८६ बिलं, म्हणजे दिवसाला १७. संध्याकाळी पाच ते नऊ ही खरी खरेदीची वेळ; त्या चार तासांत दर पंधरा मिनिटांनी एक बिल. पाच दिवसांच्या मैदानी मेळ्यात हे जमण्यासारखं आहे. घ्या. मात्र हाच आकडा दिवसाला ३० बिलांच्या वर जात असता, तर नको म्हटलं असतं.

या हिशेबाला एक अट आहे : वस्तूची किंमत नीट लावलेली हवी. घरी शिवणाऱ्या बहुतेक जणी स्वतःची मजुरी धरत नाहीत आणि इथेच बुडतात. मधल्या आकाराची एक पिशवी घ्या. कापड आणि अस्तर ८०, चेन, पट्टा, दोरा २५, तासाभराची शिलाई ८०, चिठ्ठी आणि वेष्टण १०. झाले १९५. याची दुप्पट ३९०, म्हणून किंमत ४००. वरचे दोनशे म्हणजे निव्वळ नफा समजू नका. स्टॉलचं भाडं, न विकला गेलेला माल आणि घाऊक घेणाऱ्याला द्यायची सूट त्यातूनच जाते. तुकडे फुकट मिळालेत म्हणून कापडाचे शून्य धरू नका. माल खपायला लागला की तुकडे विकत घ्यावेच लागतात, आणि तेव्हा भाव वाढवता येत नाही.

माल किती? ३०,००० वसुलीला लागत असतील तर दुप्पट, म्हणजे विक्रीच्या भावाने ६०,००० चा माल हाताशी हवा. कमी नेला तर तिसऱ्या दिवशी स्टॉल रिकामा दिसतो, आणि रिकाम्या स्टॉलवर कुणी थांबत नाही. वाटणी अशी ठेवा : १०० रुपयांच्या आसपासचे पाऊच, नाण्यांचे बटवे, चष्म्याची घरं मिळून १५० नग, ४०० च्या आसपासच्या पिशव्या, अभ्रे ७० नग, आणि १,४०० च्या गोधड्या १२. बेरीज ५९,८०० होते. गोधड्या कमी विकल्या जातील, पण स्टॉल लांबून ओळखू येतो तो त्यांच्यामुळे, आणि १,४०० ची वस्तू पाहिल्यावर ४०० ची पिशवी महाग वाटत नाही. एकाच नमुन्याचे चाळीस नग करण्यापेक्षा आठ रंगांत पाच-पाच करा.

होकार देण्याआधी आयोजकांना जागा विचारा. नकाशात तुमचा क्रमांक दाखवून घ्या. अगदी प्रवेशालगतची जागा वाटते तितकी चांगली नसते, कारण तिथे लोक ‘आधी सगळं बघून येऊ’ म्हणून पुढे जातात. आत पाच-सहा स्टॉल सोडून, दोन बाजू उघड्या असलेला कोपरा मिळाला तर थोडं जास्त भाडं द्यायलाही हरकत नाही. खाण्याच्या स्टॉलांशेजारी कापडाचं दुकान नको : तेलकट बोटं आणि धूर. रंगमंचाच्या भोंग्यासमोरही नको, बोलणंच ऐकू येत नाही. पश्चिमेला तोंड असेल तर दुपारी दोन ते पाच थेट ऊन आत येतं आणि पाच दिवसांत रंग उडतो, नैसर्गिक रंगाच्या कापडाचा तर हमखास. शिवाय विचारा की टेबलं किती, प्लग आहे का, रात्री पहारा आहे का, गाडी स्टॉलपर्यंत येते का आणि मांडणीला आत कधी सोडतात.

आता मांडणी. ३ मीटर म्हणजे दहा फुटाला दोन इंच कमी. सगळ्यात नेहमीची चूक ही, की टेबल दर्शनी बाजूला आडवं लावून आपण मागे बसायचं. त्याने दुकानाला कुंपणच घातलं जातं, आणि तुमची मागची सत्तर चौरस फूट जागा कुणीच पाहत नाही. एक टेबल डाव्या भिंतीला लांबीने लावा, दुसरं मागच्या भिंतीला. उजव्या भिंतीशी लोखंडी जाळीचे उभे स्टँड ठेवा, त्यावर पिशव्या. टेबलाची खोली अडीच फूट, जाळीवरच्या मालाची फूटभर. मध्ये साधारण सव्वासहा फूट मोकळे राहतात. दोघी-तिघी आत शिरून एकमेकींना धक्का न लावता वळू शकतात. पैशांची जागा मागच्या टेबलाच्या कोपऱ्यात ठेवा. पैसे द्यायला आत आलेली बाई वाटेत आणखी एखादी वस्तू उचलते.

टेबल अडीच फूट उंच असतं. ही उंची बसून जेवायला बरोबर आहे, उभ्या माणसाला नाही. तिथला माल पाहायला वाकावं लागतं. टेबलावर फळांच्या लाकडी पेट्या उलट्या ठेवून दुसरी पायरी करा. कळमना बाजाराकडे अशा पेट्या मिळतात. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर कुसळं कापडात अडकून धागे ओढले जातात. विकायचा मुख्य माल जमिनीपासून तीन ते पाच फुटांच्या पट्ट्यात हवा. पिशवीचा पट्टा पाच फुटांवर अडकवला की पिशवी छातीच्या उंचीला येते आणि हात आपोआप जातो. पाच फुटांच्या वर फक्त लांबून दिसायच्या वस्तू : मागच्या भिंतीवर दोन गोधड्या पूर्ण उलगडून. नावाचा फलक सात फुटांवर लावा, गर्दीत त्याखालचं काही दिसत नाही.

ॲल्युमिनियमच्या चौकटीत पांढरे पॅनल असलेला स्टॉल असेल, तर पॅनलला खिळा ठोकू देत नाहीत आणि चिकटपट्टीचे डाग राहिले तर दंड लावतात. भार वरच्या आडव्या पट्टीवर घ्या : एस हुक आणि बारीक साखळी. गोधडी टांगायला तिच्या मागे वरच्या कडेला चार इंचांची कापडी नळी शिवा आणि त्यातून लाकडी दांडी घाला. चिमट्यांनी टांगली तर मधे झोळ पडतो. कापडी मंडपाचा स्टॉल असेल तर बाजूचं कापड काहीच भार घेत नाही, सगळं स्वतःच्या जाळीवर उभं करा आणि जाळीच्या पायाला विटा किंवा वाळूच्या पिशव्या बांधा.

सहा फुटी टेबल समोरून आणि दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत झाकायला ६० इंच पन्ह्याचं साडेतीन मीटर कापड लागतं. एकरंगी घ्या, गडद करडं किंवा मळकट पांढरं. तुमचा माल रंगीबेरंगी आहे. खाली फुलाफुलांची चादर घातली तर पाऊच तिच्यात हरवून जातील. शिल्लक माल त्याच टेबलाखाली राहतो.

सगळा माल घडी घालून ठेवू नका. प्रत्येक प्रकाराचा एक नग उघडा ठेवा : पिशवीत कागद भरून तिला आकार द्या, चेन अर्धी उघडी ठेवा, आतलं अस्तर दिसू द्या. फिक्या रंगाचे बाकीचे नग पारदर्शक वेष्टणात, कारण मैदानावरची धूळ पहिल्याच संध्याकाळी अभ्र्यांवर बसते.

प्रत्येक नगाला किमतीची चिठ्ठी दोऱ्याने बांधा. टसरला चिकट लेबल लावलं तर गोंदाचा डाग राहतो. त्याखेरीज प्रत्येक गटापुढे एक कार्ड, इंचभर उंचीच्या आकड्यात, तीन फुटांवरून वाचता येईल असं. ‘पाऊच ₹१००’. एवढ्यानेच तुमच्या अकराशेच्या विक्रीत फरक पडला असता असं आमचं ठाम मत आहे. कार्डावर कापडाची माहितीही द्या, पण खरी तेवढीच. टसर आंधळगावच्या हातमागाचा असेल तर ‘भंडारा जिल्ह्यातला हातमागाचा टसर’ असं अभिमानाने लिहा. करवतकाठीच्या, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या, किनारीचे तुकडे असतील तर तेही. यंत्रमागाच्या कापडाला हातमाग म्हणू नका. नागपुरात टसर ओळखणाऱ्या बाया पुष्कळ आहेत, आणि एकीने जरी पकडलं तरी बाकीच्या मालावरचा विश्वास जातो.

उजेडाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार पडतो. आयोजक देतात ते दिवे बहुधा निळसर पांढरे असतात. त्यात टसरचा मधासारखा रंग राखाडी दिसतो. चिमट्याने अडकणारे ९ वॉटचे चार एलईडी फोकस घ्या. खोक्यावर ४००० के लिहिलेले, म्हणजे ना पिवळे ना निळे. ते पुढच्या वरच्या पट्टीला लावून आतल्या मालाकडे वळवा. मागून पुढे लावले तर उजेड गिऱ्हाइकाच्या डोळ्यात जातो आणि माल काळवंडतो. चार मिळून ३६ वॉट, प्लगवर काही ताण नाही. इस्त्री मात्र तिथे लावू नका : ५ अँपिअरचा प्लग जेमतेम ११५० वॉट झेपवतो, आणि इस्त्रीने अख्ख्या रांगेची वीज जाऊ शकते. कापड घरूनच इस्त्री करून न्या. वायर चालायच्या वाटेत आली तर जमिनीला पट्टीने चिकटवा.

हे सगळं मेळ्याच्या आदल्या आठवड्यात गच्चीवर एकदा पूर्ण करून पाहा. खडूने दहा बाय दहाचा चौकोन आखा, टेबलं लावा, माल मांडा, मग दहा फूट लांब जाऊन फोनवर फोटो काढा. डोळ्याला जे खटकत नाही ते फोटोत दिसतं : रिकामा कोपरा, झाकलेली किंमत, एकाच रंगाचा ढीग. मांडणी पसंत पडली की तो फोटो ठेवा आणि खोक्यांना ज्या क्रमाने उघडायची तसे नंबर द्या. जागेवर काम याच क्रमाने : मागची भिंत, दिवे, टेबलं, पेट्या, माल, शेवटी चिठ्ठ्या. तीन तास धरा. अवजारांच्या डब्यात चाळीस एस हुक, केबल टाय, नायलॉन दोरी, कात्री, टेस्टर, सेफ्टी पिना, मार्कर, कोऱ्या चिठ्ठ्या, मोजपट्टी, टॉर्च आणि पाच मीटरचा एक्स्टेंशन बोर्ड. सुई-दोरा तुमच्याकडे असेलच.

मेळा बघितला नसेल तर सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात भरणारा ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा एक संध्याकाळ फिरून या. वस्तू पाहू नका, पाय पाहा : लोक कुठे थांबतात, कुठे न थांबता जातात, हे मोजत उभ्या राहा.

विदर्भात हिवाळ्यात अवकाळी पाऊस, कधी गाराही येतात, आणि पाऊस नसला तरी रात्री दव पडतं. १२ बाय १५ फुटांची एक ताडपत्री छपरावरून पुढे झुकेल अशी घ्या. पुठ्ठ्याची खोकी जमिनीवर ठेवू नका; काळ्या मातीतली ओल रातोरात तळातून वर चढते. झाकणाचे प्लास्टिक क्रेट, तेही विटांवर. रात्री जाताना टसर आणि गोधड्या घरी न्या.

एक काम शिवणाच्या आधीचं. सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापा, म्हणजे धुतल्यावर अस्तर आणि बाहेरचं कापड वेगवेगळं आटणार नाही. गडद रंगावर ओलं पांढरं फडकं वीस वेळा घासा. रंग उतरला तर तो तुकडा फिक्या कापडाशेजारी लावू नका.

स्टॉलवर मागे खुर्चीत फोन पाहत बसणं जितकं वाईट, तितकंच समोर उभं राहून टक लावून बघणं. पुढच्या उजव्या कोपऱ्यात, जाळीशेजारी उभ्या राहा आणि हातात काम ठेवा. धावदोरा घालणारे हात दिसले की लोक थांबतात. मशीन नको, आवाजही होतो आणि मध्येच सोडून उठताही येत नाही. ‘काय पाहिजे?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘काही नाही, बघतोय’ हेच येणार, आणि एकदा तसं म्हटलेला माणूस मग काही घेत नाही. त्याऐवजी वस्तूबद्दल सांगा : ‘उलटी करून बघा, दोन्ही बाजूंनी वापरता येते.’ वाक्य संपेपर्यंत वस्तू हातात गेलेली असते.

घासाघीस होईलच. ‘ताई, बरोबर लावा ना’ याचा राग मानू नका. सीताबर्डीच्या बाजारात वाढलेल्या गिऱ्हाइकाची ती सवय आहे. पण एकीला ४०० ची पिशवी ३२० ला दिली, तर शेजारी उभी असलेली दुसरी ४०० कधीच देणार नाही. एका नगाचा भाव ठाम ठेवा आणि सवलत संख्येवर द्या, तीही फलकावर लिहून. डिसेंबरअखेरचा मेळा म्हणजे संक्रांत दोन आठवड्यांवर. हळदीकुंकवाच्या वाणासाठी बाया याच दिवसांत वस्तू शोधत असतात, आणि तुमचे पाऊच त्याला नेमके बसतात. फलक असा : एक १००, अकरा घेतल्यास ९०, पंचवीसला ८०, एक्कावन्नला ७५. पाऊच पन्नास रुपयांच्या आत तयार होत असेल तरच ७५ परवडतात. नसेल तर अस्तर साधं करा, भाव वाढवू नका. पहिल्या दिवशी विक्री थंड असते. घाबरून दुसऱ्या दिवशी भाव पाडू नका, शनिवार-रविवार यायचे असतात.

सुटे पैसे दोन हजारांचे : शंभराच्या दहा, पन्नासच्या दहा, वीसच्या वीस, दहाच्या दहा. गर्दीत नेटवर्क अडकतं, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं असलेले दोन फोन आणि दोन क्यूआर कोड. गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण पाहून माल देऊ नका. आपल्या फोनवर किंवा रक्कम बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्सवर पैसे आल्याचं कळलं की मगच. वहीत विक्रीशेजारी एक रकाना ‘उचललं, ठेवलं’ असा करा. एखादी पिशवी वीसदा उचलून वीसदा परत ठेवली गेली तर तिची किंमत किंवा पट्टा चुकलाय. त्याच रात्री बदलता येतो. माल कागदी पिशवीत द्या. राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारने मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाचं कारागीर ओळखपत्र, म्हणजे पहचान कार्ड, काढून ठेवा. सरकारी मेळ्यांच्या अर्जात ते मागतात.

शेवटी वाणाच्या ऑर्डरी. तिथेच सगळ्यात जास्त पैसे आहेत आणि शब्द मोडण्याची भीतीही. ऑर्डर वहीत लिहा, नग आणि तारीख टाका, कापडाचा छोटा तुकडा पानाला टाचा, निम्मी रक्कम आगाऊ घ्या. एका पाऊचला वीस मिनिटं धरली तर एक्कावन्न पाऊचना सतरा तास. १ ते १२ जानेवारी रोज चार तास मशीनवर बसलात तरी १४४ पाऊच होतात, म्हणजे एक्कावन्नच्या तीन ऑर्डरीही पूर्ण होत नाहीत. संक्रांतीपूर्वीच्या दोनच घ्या. तिसरी आली तर हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं हे लक्षात ठेवून पुढची तारीख द्या, आणि ती चालत नसेल तर मेळ्यातल्या शिल्लक पाऊचमधून जितके निघतील तितके लगेच पुढे करा.